पुटकुळ्यांवरची मलमे : कोणते लावावे, कोणते टाळावे

दहावीचा निकाल लागला की लातूरच्या शिकवणी वर्गांसाठी गावोगावची मुले-मुली येतात. सोळा-सतरा वर्षांचे वय, खोली करून राहणे, मेसचे जेवण, परीक्षेची धास्ती. चेहऱ्यावर तारुण्यपिटिका, म्हणजे आपल्या भाषेत पुटकुळ्या, उठतात त्याही नेमक्या याच वयात. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी मी त्वचारोगाचे रुग्ण तपासतो. ही मुले माझ्यापर्यंत पोचतात तेव्हा तीन-चार मलमे लावून झालेली असतात.

पालक बोअरच्या जड पाण्याला दोष देतात, कुणी पोट साफ नसण्याला. खरे कारण त्वचेखाली आहे. वयात येताना संप्रेरकांमुळे तेलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात, छिद्राचे तोंड मृत पेशींनी बुजते, आत तेल साचते, जिवाणू वाढतात आणि सूज येते. त्यामुळे चेहरा घासून हा त्रास जात नाही. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश पुरे. लिंबू आणि टूथपेस्ट तर चेहऱ्यापासून लांबच ठेवा.

पुटकुळ्या थोड्या असतील तर दोन औषधे मला सर्वांत भरवशाची वाटतात. एक बेन्झॉइल पेरॉक्साइड. ते जिवाणू मारते. अडीच टक्क्यांचे घ्या. दहा टक्क्यांच्या मलमाने गुण फारसा वाढत नाही, आग मात्र वाढते. (उशीच्या रंगीत अभ्र्यावर त्याचे पांढरे डाग पडतात, तेव्हा जुना अभ्रा वापरा.) दुसरे अ‍ॅडापॅलिन. ते बुजलेली छिद्रे मोकळी करते. रात्री वाटाण्याएवढे घेऊन सगळ्या चेहऱ्यावर पातळ लावायचे, नुसते पुटकुळीवर नाही. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, कधी पुटकुळ्या वाढल्यासारख्या वाटतात. इथेच मुले औषध सोडतात. गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात.

पुटकुळ्या लाल, पुवाच्या असतील तर सोबत डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविकाची गोळी देतात. तीही तीन-चार महिन्यांपुरतीच आणि एकटी कधीच नाही, नाहीतर जिवाणू तिला दाद देईनासे होतात. ही गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, लगेच आडवे होऊ नये. आपल्याकडच्या उन्हात चेहरा भाजतो, तेव्हा रुमाल आणि सनस्क्रीन हवेच. मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील तर संप्रेरकांची तपासणी आधी करावी.

खड्डे पाडणाऱ्या मोठ्या गाठींसाठी आयसोट्रेटिनॉइन हे सर्वांत प्रभावी औषध. रक्ततपासणी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते काही महिने घ्यावे लागते. ओठ फुटतात. याने पुढे मूल होत नाही, ही भीती खोटी आहे. पण औषध चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये. बाळात गंभीर व्यंग येते. लग्न ठरलेल्या मुलीने ही गोष्ट डॉक्टरांना संकोच न करता सांगावी.

आणि लग्न ठरलेल्या मुलीच नेमक्या घाईत असतात. महिन्यावर हळद आली, चेहरा साफ हवा. मग मैत्रीण किंवा दुकानदार एक मलम देतो. आठवड्यात लाली उतरते, रंग उजळतो, मलम घरभर फिरते. त्यात बहुधा क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन असते, म्हणजे स्टेरॉइड. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालावर लव वाढते आणि पुटकुळ्या दुपटीने येतात. मलम थांबवले की चेहरा पेटतो, म्हणून ते पुन्हा लावले जाते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची १४ मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही ती सहज मिळतात. याचा मला राग येतो. कारण मूळ पुटकुळ्यांपेक्षा हा बिघडलेला चेहरा सुधारायला कितीतरी जास्त काळ जातो.

असे मलम बरेच दिवस लावले असेल तर मनाने एकदम बंद करू नका. ते कसे सोडवायचे हे डॉक्टर ठरवतील. खासगी दवाखाना परवडत नसेल तर नांदेडला विष्णुपुरीच्या आणि लातूरच्याही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या नळ्या, संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. नळीवरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय पुढचे औषध ठरवता येत नाही.