धक्क्याआधीचे मिश्रण
इंधन पेटायला नेमका किती वेळ लागतो, हे मोजण्यासाठी शॉक ट्यूब, म्हणजे आघाततरंगाची नळी, वापरतात. फ्रान्समध्ये पॉल व्येई यांनी १८९९ साली अशी पहिली नळी वापरली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही अशा नळीवर रासायनिक प्रयोग झाले आहेत. आघाततरंग नळीतला वायू क्षणात हजार-दोन हजार केल्विनपर्यंत तापवतो आणि सारे मोजमाप काही मिलिसेकंदांत आटोपते. माझ्या मते खरा कस त्याआधी, मिश्रण बनवताना लागतो.

मिश्रणाच्या पोलादी टाकीतली हवा पंपाने जवळजवळ पूर्ण उपसतात. मग एकेक वायू सोडत दाब वाचतात. डाल्टनच्या नियमानुसार ज्याचा जितका दाब, तितका त्याचा वाटा : समजा, १० टॉर मिथेन, २० टॉर ऑक्सिजन, ९७० टॉर आरगॉन. आरगॉन जळत नाही, तापमानही फार भडकू देत नाही. मिथेनचे वाचन अवघ्या १ टॉरने चुकले, तरी इंधनाचे प्रमाण १० टक्क्यांनी चुकते. म्हणून इंधन आधी, कमी दाब अचूक दाखवणाऱ्या मापकावर, आरगॉन शेवटी. द्रव इंधनाची वाफ भरताना तिचा दाब संपृक्त बाष्पदाबाच्या बराच खाली ठेवतात, नाहीतर ती टाकीच्या भिंतीवर पुन्हा द्रवरूप होते आणि वहीतले प्रमाण खोटे ठरते. वायू लगेच एकजीव होत नाहीत; चुंबकीय ढवळणी फिरवावी लागते किंवा मिश्रण रात्रभर तसेच ठेवावे लागते.