सुटीचा हिशेब
सुटीचा हिशेब बहुधा गाडीभाडें आणि मुक्काम यांवरच मांडला जातो. पैसा संपतो तो भलत्याच ठिकाणीं. नागपुराहून माथेरानास निघालेलें चौघांचें कुटुंब घ्या. आगगाडींत पांच ते बारा वर्षांच्या मुलास स्वतंत्र शायिका हवी, तर २०१६ पासून पूर्ण भाडें पडतें. माथेरान गांवांत मोटारींना बंदी. त्या दस्तुरी नाक्यापाशीं थांबतात. पुढील सुमारें तीन किलोमीटरांची हमाली, प्रवासी कर, मुलांच्या हट्टाचा घोडा, हीं देणीं घरच्या कागदावर नसतात, आणि शेवटच्या दिवशीं परतीच्या भाड्यालाच हात लागतो. तें भाडें आधींच निराळें बांधावें. बाकीच्या देण्यांचे दर विचारून ते लिहून काढावेत. हिशेबांत घोडा बसत नसेल, तर मुलांना घरींच सांगावें; घोड्यापाशीं उभें राहून सांगणें फार अवघड!