मोठे घर, कडक उन्हाळा : वातानुकूलन यंत्रे बदलण्यापूर्वी काय मोजावे?

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील तेलीबांधा परिसर आज शहरातील प्रशस्त वस्त्यांपैकी एक मानला जातो. तलावाकाठचा ‘मरीन ड्राइव्ह’, त्याला लागून जाणारा जी. ई. रोड आणि आसपासच्या वसाहती यांत दुमजली, तिमजली घरे मोठ्या संख्येने आहेत. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि त्यानंतरच्या दशकात येथील बांधकामाला वेग आला. त्या काळात बसविलेल्या वातानुकूलन यंत्रांचे आयुष्य आता संपले आहे किंवा संपत आले आहे. साधारणपणे अशी यंत्रे दहा ते पंधरा वर्षे चालतात.

जुने यंत्र काढून त्याच जागी तेवढ्याच टनाचे नवे यंत्र बसविणे हा सर्वांत सोपा मार्ग वाटतो. मात्र मोठ्या घरांच्या बाबतीत तो बहुधा महागात पडतो. मधल्या काळात यंत्रांतील वायू बदलला, ऊर्जा कार्यक्षमतेचे निकष बदलले आणि बहुतेक घरांचा वापरही बदलला. त्यामुळे यंत्र निवडणे ही या कामातील शेवटची पायरी ठरते. त्याआधी घरात येणारी उष्णता, विजेची जोडणी आणि तांब्याच्या नळ्या यांचा विचार करावा लागतो.

दोन वेगळे उन्हाळे

रायपूरचे हवामान नागपूरच्या हवामानाशी मिळतेजुळते आहे. इमारतींच्या ऊर्जावापरासाठी देशाचे जे हवामान विभाग पाडण्यात आले आहेत, त्यांत ही दोन्ही शहरे ‘संमिश्र’ विभागात मोडतात. एप्रिल आणि मे महिन्यांत हवा अत्यंत कोरडी असते आणि कमाल तापमान ४४ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाणे ही येथे नवलाई नाही. मैदानी प्रदेशात पारा ४५ अंशांवर पोहोचला की भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार ती उष्णतेची लाट ठरते.

या कोरड्या दिवसांत कूलर उत्तम काम करतो. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून घर थंड ठेवण्याची विदर्भातील जुनी पद्धत आणि आजचा कूलर यांमागील तत्त्व एकच आहे. पाण्याचे बाष्पीभवन होताना ते हवेतील उष्णता शोषून घेते. बाहेर ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर सुमारे २७ अंशांची हवा देऊ शकतो. जूनच्या मध्यानंतर मात्र चित्र पालटते. तापमान ३४ अंशांवर उतरले तरी आर्द्रता ७५ टक्क्यांपर्यंत वाढते आणि तोच कूलर ३१ अंशांखाली हवा देऊ शकत नाही. उकाडा कायम राहतो आणि घरात ओल साचते.

म्हणूनच येथील वातानुकूलन यंत्राला दोन कामे करावी लागतात. मे महिन्यात प्रखर उष्णता बाहेर टाकावी लागते, तर जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील बाष्प काढावे लागते. केवळ मे महिन्याकडे पाहून निवडलेले यंत्र जुलैमध्ये अपुरे समाधान देते, ते याच कारणाने.

टनाचा हिशेब

वातानुकूलनातील ‘टन’ हे वजन नसून उष्णता बाहेर टाकण्याच्या क्षमतेचे माप आहे. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्यावरून हे माप आले. एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट.

यंत्रावर लिहिलेली क्षमता बाहेर ३५ अंश आणि खोलीत २७ अंश तापमान धरून मोजलेली असते. बाहेरचे तापमान ४५ अंशांवर गेले की तेच यंत्र कमी थंडावा देते आणि त्यासाठी अधिक वीज घेते. यावर उपाय म्हणून अनेक जण सरळ दीडऐवजी दोन टनाचे यंत्र घेतात. परंतु गरजेपेक्षा मोठे यंत्र पावसाळ्यात खोली झटपट थंड करून थांबते. बाष्प निघण्यास जितका वेळ यंत्र चालू राहायला हवे तितका वेळ ते चालत नाही. परिणामी हवा थंड, पण दमट राहते. इन्व्हर्टर यंत्रे कमी वेगाने चालू शकत असल्याने ही अडचण काहीशी कमी होते, पण कॉम्प्रेसरच्या किमान वेगालाही मर्यादा असते.

खोलीचे चौरस फूट मोजून टन ठरविण्याचा प्रघात सर्वत्र आहे. मोठ्या घरात तो फसवा ठरतो. तळमजल्यावरील उत्तरेची खोली आणि वरच्या मजल्यावरील पश्चिमेची तेवढीच खोली यांची गरज सारखी नसते. दुसऱ्या खोलीला दिवसभर तापलेली स्लॅब आणि दुपारनंतरचे ऊन यांचा दुहेरी मारा सोसावा लागतो. दुमजली उंचीचा दिवाणखाना आणि उघडा जिना असेल, तर थंड हवा खाली साचते आणि गरम हवा वर जाते. अशा घरात खोलीनिहाय उष्णतेचा हिशेब लेखी मागणे हा ग्राहकाचा पहिला आग्रह असावा. त्यात छत, भिंतींच्या दिशा, काचांचे क्षेत्रफळ, राहणाऱ्यांची संख्या आणि उपकरणे यांची नोंद असली पाहिजे.

यंत्राआधी छत

हा हिशेब मांडला की वरच्या मजल्यावरील बरीचशी उष्णता छतातून येते, हे बहुधा स्पष्ट होते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने निवासी इमारतींसाठी तयार केलेली ‘इको निवास संहिता’ डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर झाली. तिच्यानुसार छताच्या प्रत्येक चौरस मीटरमधून, आतील व बाहेरील तापमानात एक अंशाचा फरक असताना, १.२ वॉटपेक्षा अधिक उष्णता आत येऊ नये. उष्णतारोधक थर नसलेल्या काँक्रीटच्या स्लॅबमधून याच्या दुपटीहून अधिक उष्णता आत येते.

गच्चीवर उष्णतारोधक थर देऊन त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसविणे, परावर्तक रंग लावणे, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून झडप किंवा छज्जा देणे ही कामे यंत्र घेण्यापूर्वी केल्यास आवश्यक टनांची संख्या कमी होऊ शकते. पडदा खिडकीच्या आत लावला तर ऊन काचेतून घरात आलेलेच असते. त्यामुळे सावली बाहेरून करणे अधिक परिणामकारक ठरते.

तीन पर्याय

मोठ्या घरासाठी साधारणपणे तीन मार्ग उपलब्ध असतात.

पहिला, प्रत्येक खोलीत स्वतंत्र स्प्लिट यंत्र. खर्च टप्प्याटप्प्याने करता येतो आणि एक यंत्र बंद पडले तरी इतर खोल्या थंड राहतात. मात्र बाहेरील भागांची संख्या वाढते आणि भिंतींवर नळ्यांचे जाळे तयार होते.

दुसरा मार्ग व्हीआरएफ या नावाने ओळखला जातो. १९८२ साली जपानमध्ये प्रथम बाजारात आलेल्या या पद्धतीत बाहेरच्या एका मोठ्या यंत्राला अनेक खोल्यांतील यंत्रे जोडलेली असतात आणि प्रत्येक खोलीच्या गरजेनुसार वायूचा पुरवठा बदलतो. सर्व खोल्या एकाच वेळी वापरात नसतील तर ही पद्धत किफायतशीर ठरते. तिची उणीव अशी, की बाहेरचे यंत्र बिघडल्यास संपूर्ण घर एकदम तापते आणि दुरुस्तीसाठी प्रशिक्षित तंत्रज्ञच लागतो.

तिसरा मार्ग डक्टचा. फॉल्स सीलिंगमधून थंड हवा खेळविली जाते आणि यंत्र दृष्टीस पडत नाही. परंतु तापलेल्या स्लॅबखालून जाणाऱ्या डक्टला पुरेसे आवरण नसेल किंवा सांध्यांतून गळती असेल, तर थंडावा खोलीत पोहोचण्यापूर्वीच वाया जातो.

कोणताही मार्ग निवडला तरी घरातील वृद्ध किंवा आजारी व्यक्तीच्या खोलीत एक स्वतंत्र यंत्र असावे. ऐन मे महिन्यात दुरुस्तीसाठी काही दिवस थांबावे लागणे ही सामान्य गोष्ट आहे. जुना कूलरही लगेच मोडीत काढू नये. एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत तो अल्प विजेवर काम भागवितो.

जुने यंत्र काढताना

राज्यनिर्मितीनंतरच्या पहिल्या दशकातील बहुतेक यंत्रांत आर-२२ हा वायू असे. तो ओझोनच्या थराला हानी पोहोचवितो. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद केला जात आहे. तापमानवाढीच्या दृष्टीने एक किलो आर-२२ हवेत सोडणे म्हणजे सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. अनेक घरगुती यंत्रांत साधारण तेवढाच वायू असतो. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या आर-३२ मुळे ओझोनची हानी होत नाही आणि त्याचा तापमानवाढीवरील परिणाम आर-२२ च्या सुमारे ३७ टक्के आहे. तो सौम्य ज्वलनशील असल्याने जोडणी काटेकोर असावी लागते.

नळी सोडून वायू हवेत जाऊ देणे आणि सांगाडा भंगारात विकणे हा प्रकार सर्रास आढळतो. वायू बाहेरील भागात ओढून घेऊन किंवा रिकव्हरी यंत्राने सिलिंडरमध्ये भरून यंत्र काढणे हीच योग्य रीत आहे. वातानुकूलन यंत्रे ई-कचरा नियमांच्या कक्षेत येतात. ती अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे किंवा कंपनीच्या विनिमय योजनेत द्यावीत.

भिंतीत दडलेल्या जुन्या तांब्याच्या नळ्या नव्या यंत्राला जोडण्याचा मोह टाळलेला बरा. आर-२२ च्या यंत्रातील खनिज तेल आणि नव्या यंत्रातील कृत्रिम तेल एकमेकांत मिसळत नाहीत. शिवाय आर-३२ चा दाब आर-२२ च्या सुमारे दीडपटीहून अधिक असतो. नळ्या बदलणे शक्यच नसेल, तर त्यांची जाडी तपासून, आतून धुऊन आणि नायट्रोजनच्या दाबाने गळती तपासूनच त्या वापराव्यात. जोडणीनंतर व्हॅक्यूम पंपाने नळीतील हवा व ओल काढणे अनिवार्य आहे. हे काम वेळखाऊ असल्याने घाईच्या हंगामात टाळले जाते आणि त्याची किंमत पुढे कॉम्प्रेसर मोजतो.

वीज आणि बिल

दीड टनाची पाच यंत्रे ऐन दुपारी एकाच वेळी चालू असतील तर आठ किलोवॉटच्या आसपास भार येऊ शकतो. मंजूर भार पुरेसा आहे का, थ्री-फेज जोडणी आहे का आणि यंत्रे तिन्ही फेजवर समान विभागली आहेत का, हे आधी पाहावे. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि खात्रीचे अर्थिंग हवे. जुन्या वायरिंगवर नवा भार टाकल्याने तापणारे सॉकेट हे आगीचे एक ज्ञात कारण आहे.

एक यंत्र तासाला सरासरी एक युनिट वीज घेते असे धरले, तर रोज आठ तासांच्या वापराने महिन्याला २४० युनिट होतात. अशी चार यंत्रे ९६० युनिटांवर पोहोचतात. छत्तीसगडमध्ये मार्च २०१९ पासून घरगुती ग्राहकांना दरमहा ४०० युनिटांपर्यंत निम्म्या बिलाची सवलत होती. २०२५ मध्ये ही मर्यादा खाली आणण्यात आली. त्यामुळे मोठ्या घरांना यंत्राच्या कार्यक्षमतेवरच विसंबावे लागणार आहे.

तारांकनाकडे पाहताना वर्षही पाहणे आवश्यक आहे. २०१८ मध्ये पाच तारे मिळविणाऱ्या ४.६ गुणांकाच्या स्प्लिट यंत्राला जुलै २०२२ च्या निकषांनुसार चारच तारे मिळाले. निकष ठराविक काळाने कडक होत असल्याने तारे मोजण्यापेक्षा लेबलवरील ‘आयएसईईआर’ हा गुणांक वाचणे हिताचे. तेवढ्याच थंडाव्यासाठी ३ गुणांकाच्या यंत्राच्या तुलनेत ५ गुणांकाचे यंत्र ४० टक्के कमी वीज घेते. लेबलवरील वार्षिक वापर १,६०० तासांसाठीचा असतो. रायपूरसारख्या शहरात प्रत्यक्ष वापर याहून अधिक असेल, तर महागड्या यंत्राची किंमत लवकर वसूल होते.

तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे म्हणणे आहे. जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे सुरुवातीला २४ अंशांवर ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर घालण्यात आले, ते याच हेतूने. २६ अंश आणि सोबत छताचा पंखा ही जोडी बहुतेकांना पुरेशी ठरते.

बाहेरचा भाग कोठे?

घराच्या दर्शनी बाजूस यंत्र दिसू नये म्हणून बाहेरील भाग अरुंद डक्टमध्ये किंवा बंद जाळीमागे बसविले जातात. तेथे एकाने सोडलेली गरम हवा दुसरा आत ओढतो. गच्चीवर उन्हात ठेवलेल्या यंत्राला तापलेल्या स्लॅबची हवा मिळते. वर सावली आणि चारही बाजूंनी मोकळी हवा, अशी जागा योग्य. उरला-सिलतरा या औद्योगिक पट्ट्यातील पोलाद व स्पंज आयर्न उद्योगांमुळे रायपूरकरांना काळी धूळ परिचित आहे. ती जाळीवर बसली की क्षमता घटते. म्हणून उन्हाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर धुण्यासाठी हात पोहोचेल, अशीच जागा असावी. तंत्रज्ञाला दुसऱ्या मजल्याच्या कड्यावर लटकून काम करावे लागेल अशी जागा निवडणे हे त्याच्या जिवाशी खेळणे आहे.

हे सर्व काम एप्रिल-मेमध्ये उरकणे कठीण असते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतच्या काळात तंत्रज्ञ उपलब्ध असतात, छताचे काम वाळण्यास अवधी मिळतो आणि घरातील माणसांना उकाड्यात दिवस काढावे लागत नाहीत. प्रथम उष्णतेचा लेखी हिशेब, मग छत आणि सावली, त्यानंतर वायरिंग व नळ्या आणि अखेरीस यंत्र, हा क्रम पाळल्यास पुढील दहा-बारा उन्हाळ्यांचा खर्च आणि मनस्ताप दोन्ही आटोक्यात राहू शकतील.