घर्षण आणि घाटांतील आगगाडी

घर्षण म्हणजे केवळ शत्रु, असें कित्येक विद्यार्थी समजतात; मला तें पटत नाहीं. बैलगाडीच्या आंसाला वंगण घालणारा गाडीवान घर्षण टाळूं पाहतो खरा, परंतु चिखलांत बैलांचे पाय घसरूं लागले म्हणजे त्यालाच तें हवेंसें होतें.

बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. तेथील चढण कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस १ फूट आहे. पोलादी रुळावर पोलादी चाक अल्प विरोधानें फिरतें, हा आगगाडीचा मोठा लाभ. पण एंजिनाची शक्ति कितीहि असो, चाक रुळाला जेवढें धरील तेवढाच ओढा गाडीस मिळतो. रूळ ओला झाला कीं चाक जागच्या जागीं गरगरतें. म्हणून चालक नळीवाटे चाकापुढें वाळू सोडतो. साधीच वाळू, मात्र कोरडी हवी! आमोंतों या फ्रेंच शास्त्रज्ञानें १६९९ सालीं मांडलेल्या नियमाप्रमाणें घर्षण दाबाच्या प्रमाणांत वाढतें. एंजिन जड ठेवण्यांत म्हणूनच अर्थ आहे.

उतारावर काम उलट. तेथें ब्रेक दाबून गाडी आवरावी लागते, आणि तिची गति उष्णतेंत जिरते. तापलेल्या ब्रेकचा तो करपट वास खिडकीशीं बसणाऱ्या पुष्कळांच्या ओळखीचा असेल.