डॅशबोर्डामागचा पाझर

2025 च्या ऑगस्टात वीस वर्षांवरील मोटारींच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क पाच हजारांवरून दहा हजार रुपये झाल्यापासून, जुनी गाडी ठेवावी की भंगारात घालावी याचा हिशेब पुष्कळ घरांत नव्याने मांडला जात आहे. आणि तो मांडताना, इंजिन शाबूत, पत्रा शाबूत, परंतु चालकाशेजारच्या आसनापुढचे मॅटिंग सदैव ओले, गाडीत गोडसर दर्प आणि समोरच्या काचेच्या आतल्या अंगास पुसूनही पुन्हा धरणारा तेलकट थर, एवढ्या तीन तक्रारींपायी गाडीच्या आयुष्याचा निकाल लावला जातो, हे मला अन्यायाचे वाटते. या तिन्ही तक्रारी एकत्र आल्या की त्यांचे मूळ बहुधा एकच असते, ते म्हणजे हीटर कॉइलची गळती. आणि तिची दुरुस्ती कष्टाची असली तरी असाध्य मुळीच नाही.

ही कॉइल म्हणजे डॅशबोर्डाच्या पोटात बसवलेला, जाड पोथीएवढा लहानसा रेडिएटर. इंजिनात तापलेल्या कूलंटचा एक फाटा फायरवॉल ओलांडून तिच्यात येतो, ब्लोअरचा वारा तिच्या पात्यांतून जाताना ऊन होतो, आणि निवालेले कूलंट दुसऱ्या नळीने माघारी जाते. आपल्याकडे हीटर हवाच कशाला, असे ज्यांनी आषाढात ताम्हिणी घाट ओलांडला आहे त्यांनी तरी म्हणू नये. बंद काचांआड दमट श्वासाने जे धुके धरते, ते एसीने कोरड्या केलेल्या आणि कॉइलने ऊन केलेल्या हवेच्या झोताने जितक्या त्वरेने निघते तितके फडक्याने कधीच निघत नाही, आणि घाटातल्या वळणावर समोरचे न दिसणे हे केवळ गैरसोयीच्या सदरात घालता येत नाही.

तथापि मॅटिंग ओले दिसताच डॅशबोर्ड उघडण्याचा हुकूम देणे घाईचे होईल. एसीच्या निचऱ्याची नळी चोंदली तरी पाणी त्याच जागी उतरते. मात्र ते निर्मळ व निर्गंध असते, आणि कूलंट रंगीत, बहुधा हिरवे वा तांबडे, व बोटांत चोळले असता बुळबुळीत लागते. (चाखून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा; त्यातील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असले तरी विष आहे, आणि काढलेले कूलंट उघड्या घमेल्यात राहिल्यास गल्लीतल्या कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेतते.) संशय उरलाच, तर थंड इंजिनावर रेडिएटरच्या टोपीच्या जागी हातपंप लावून, टोपीवर नमूद केलेल्या दाबाइतकीच, म्हणजे बहुतेक गाड्यांत सुमारे एक बार, हवा भरावी; पंपावरील दाबाचा काटा हळूहळू खाली येऊ लागला, बाहेर कोठे थेंब नाही आणि आत मॅटिंगवर ठिपकू लागले, म्हणजे निदान पक्के झाले.

पुण्याच्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या दुकानांच्या दाटीत, रेडिएटरच्या कामातच हयात घालवलेले एक वृद्ध कारागीर आहेत, गाडी समोर आली की बोनेट उघडण्यापूर्वीच ते विचारतात, "साहेब, पाण्यात हळद टाकली होती का?" गळता रेडिएटर बुजवण्यासाठी मूठभर हळद ओतण्याचा प्रघात आपल्या चालकमंडळींत जुना आहे, आणि बाटलीतून मिळणारी गळतीरोधक द्रव्ये हा त्याचाच नवा अवतार, परंतु जी पूड रेडिएटरचे छिद्र बुजवते तीच कॉइलच्या अरुंद नळ्यांतही जाऊन बसते. एक निकामी कॉइल त्यांनी माझ्यासमोर करवतीने उभी कापली, तेव्हा मधल्या नळ्यांत गंज, क्षार आणि पिवळट-तपकिरी लगदा यांचा असा घट्ट थर निघाला की बारीक तारही आत शिरेना. त्यांच्या मते, आणि ते मला सर्वथा पटते, कॉइलच्या नाशाचा दोष गाडीच्या वयापेक्षा तिच्यात ओतलेल्या पाण्याकडे अधिक जातो. बोअरचे जड पाणी क्षार सोडते, कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये काही वर्षांत क्षीण होतात, आणि मग धातू आतून झिजत जाऊन सुईच्या अग्राएवढे छिद्र पडते. तांब्या-पितळेच्या जुन्या कॉइलला ते अजूनही डाग देतात; प्लास्टिकच्या टाक्यांच्या, ॲल्युमिनियमच्या कॉइलला मात्र हात न लावता ती बदलण्याचीच शिफारस करतात.

अनेक गॅरेजांत याहून सोपा इलाज सुचवला जातो: इंजिनाकडील दोन्ही होज पाइप सोडवून एकमेकांस जोडायचे आणि कॉइल प्रवाहातूनच वगळायची. वाटेत गळती उद्भवली असता घर गाठण्यापुरती ही तजवीज उत्तम आहे. परंतु मालकाला न सांगता तीच कायम ठेवणे ही शुद्ध हयगय होय. पाइप जोडण्याऐवजी त्यांची तोंडे बुजवणे तर काही इंजिनांत घातकच, कारण थर्मोस्टॅट बंद असेतो कूलंटला फिरण्यास तीच वाट असते.

खऱ्या दुरुस्तीत वेळ जातो तो कॉइलपर्यंत पोचण्यात. इंजिन पूर्ण निवल्यावर कूलंट काढावे, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी, आणि चिकटून बसलेला होज पाइप ओढू न जाता उभा चिरून काढावा. ओढल्यास कॉइलची नळी वाकते, आणि डाग देऊन वाचण्याजोगी कॉइलही हातची जाते. ज्या गाड्यांत एसीची कूलिंग कॉइल त्याच पेटीत असते, तेथे गॅस आधी यंत्राने काढून घेणे भाग असते. नव्या कॉइलभोवतीचा फोम विसरला गेला तर वारा तिला वळसा घालून निघून जातो, आणि सारे श्रम करूनही हीटर कोमटच राहतो. होज पाइप व क्लिपा नव्या घालाव्यात, सर्व मार्ग धुऊन काढावा, डिस्टिल्ड वॉटर व कूलंट समभागाने भरावे, आणि हीटरची कळ पूर्ण उष्णतेवर ठेवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत व बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवावे. आत हवा अडकली तर हीटर थंड वारा देतो आणि तापमानाचा काटा मात्र चढत जातो. आठवडाभराने थंड इंजिनावर पातळी पाहावी; मॅटिंग कोरडे असून आणि बाहेरही कोठे ओल नसून ती उतरत असेल, तर शोध हेड गॅस्केटकडे वळवावा लागेल.