शिकागोतील तरुण, स्वस्त करमणूक आणि जेन अ‍ॅडम्स यांचा सुधारणाविचार

औद्योगिकीकरणामुळे शिकागोची लोकसंख्या १८९० मध्ये दहा लाखांवर गेली. स्थलांतरित कुटुंबांतील मुलेमुली अल्पवयातच कारखान्यांत मजुरी करू लागली. दिवसभराच्या एकसुरी श्रमानंतर नृत्यगृहे, मद्यालये आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून ५ सेंटांत चित्रपट दाखविणारी ‘निकेलोडियन’ त्यांना आकर्षित करीत.

१८८९ मध्ये एलन गेट्स स्टार यांच्यासह हल हाउस स्थापन करणाऱ्या जेन अ‍ॅडम्स यांनी ‘द स्पिरिट ऑफ यूथ अँड द सिटी स्ट्रीट्स’ (१९०९) या ग्रंथात या प्रश्नाची मीमांसा केली. त्यांच्या मते करमणुकीची ओढ हा तरुणांचा दोष नव्हे. शहराने त्यांचे श्रम संघटित केले. मात्र त्यांचा विरंगुळा नफेखोरांवर सोपविला, हा खरा दोष होय.

यावरील उपाय दुहेरी होते. एक, नियंत्रण : १९०७ च्या नियमान्वये शिकागोत चित्रपट दाखविण्यापूर्वी पोलिसांची परवानगी आवश्यक ठरली. दुसरा, पर्याय : क्रीडांगणे, नाट्यमंडळे, इतकेच नव्हे तर त्याच वर्षी हल हाउसने स्वतःचे ५ सेंटांचे चित्रपटगृहही चालविले. हा प्रयोग अल्पकाळच टिकला.

तथापि, ‘निकोप’ करमणूक कोणती, हे बहुधा मध्यमवर्गीय सुधारकच ठरवीत. कमावत्या मुलींना मात्र त्याच नृत्यगृहांत घरच्या धाकापासून काही काळ मोकळीक लाभे, याकडे कॅथी पाइस यांनी न्यूयॉर्कविषयीच्या अभ्यासात (१९८६) लक्ष वेधले आहे. सारांश, तरुणांची गरज ओळखणे ही अ‍ॅडम्स यांच्या विचाराची थोरवी होय. परंतु त्यांची निवड समजून घेणे हे सुधारणा चळवळीला पूर्णतः साधले नाही.