खोड नव्हे, मेंदूतील रसायन

एखादे मूल सारखे डोळे मिचकावू लागले, मान झटकू लागले किंवा उगाच घसा खाकरू लागले, की घरचे म्हणतात, "वाईट खोड लागली!" आमच्या उरणकडे तर 'बाहेरचे' आहे असे सांगणारेही भेटतात. माझ्या मामेभावाने या दोन्ही निदानांपायी धपाटेही खाल्ले आणि अंगारेही लावून घेतले. मानसशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला या विकाराचे खरे कारण जाणून घ्यावेसे वाटले.

वैद्यकशास्त्रात या हालचालींना 'टिक' म्हणतात. फ्रेंच डॉक्टर जिल द ला टुरेट यांनी १८८५ साली तिच्या तीव्र प्रकाराचे वर्णन केले. टिक शिंकेसारखी असते. आधी आतून हुरहुर वाटते. थोडा वेळ ती दाबताही येते, पण अखेर ती येतेच. दाबता येते म्हणूनच लोकांना ती मुद्दाम केलेली वाटते.

मेंदूच्या खोल भागात 'बेसल गँग्लिया' नावाचे पेशीसमूह आहेत. कोणती हालचाल होऊ द्यायची आणि कोणती अडवायची, हे ठरविण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. तेथे 'गाबा' हे रसायन लगाम घालते, तर 'डोपामिन' हालचालीला वाट करून देते. डाळीत व मासळीत असणाऱ्या टायरोसिनपासून शरीर एल-डोपा बनवते आणि त्यापासून डोपामिन. टिकमध्ये हा तोल बिघडत असावा, असे शास्त्रज्ञ मानतात.

याला आधार औषधांचा. डोपामिनची ग्रहणस्थाने अडविणाऱ्या हॅलोपेरिडॉलने टिक कमी होतात, हे १९६१ साली फ्रान्समध्ये दिसले. दुसरा धागा आपल्या सर्पगंधेचा. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिचा गुण जगापुढे मांडला. तिच्यातील रेसरपिन डोपामिनला पेशीतील साठवणीच्या पिशव्यांत शिरू देत नाही. साहजिकच साठा आटतो. टिकवर आज दिले जाणारे टेट्राबेनाझिन हीच वाट अडवते. मात्र या औषधांनी मन खिन्न होऊ शकते. तेव्हा मुळी उगाळून घरगुती उपचार कोणी करू नयेत.

डोपामिन म्हणजे सारे उत्तर नव्हे. आनुवंशिकतेचाही यात मोठा भाग आहे. परंतु ताणाने टिक वाढतात आणि पुष्कळ मुलांत तारुण्यात त्या ओसरतात, हे निश्चित. आपल्यापैकी कित्येकजण उद्या शिक्षक होतील. वर्गात असे मूल दिसल्यास त्याला उभे करू नये, टोकू नये. पालकांना मज्जाविकारतज्ज्ञाकडे जाण्यास सांगावे. मामेभावाच्या वाट्याला आले ते दुसऱ्या कुणाच्या येऊ नये, एवढीच इच्छा.